पडद्यावरचे चाळीस टक्के

सय्यद चाचा साडेपाच हजार टक्के अपंग निघाले तेव्हा हाडांच्या खोलीत असा हशा पिकला, की शेजारी कान तपासायला आलेली माणसंसुद्धा काय झालं म्हणून दारात येऊन उभी राहिली. चाचा ट्रकवर ड्रायव्हर होते, मागच्या फाळक्यात सापडून त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. डॉक्टरांनी मापं सांगितली, गव्हाणे क्लार्कनं ती नव्या कॉम्प्युटरमध्ये भरली, बटण दाबलं, आणि पडद्यावर ठळक आलं: ५५००%. गव्हाणे हसून हसून खुर्चीवरून खाली यायचा बाकी राहिला. चाचा शांतपणे म्हणाले, म्हणजे मी पंचावन्न वेळा मेलो म्हणा की. मग सगळी रांग हसली. कुबडीवाले हसले, एक पाय नसलेला भिंतीला धरून हसला, मीही हसले. लंगड्या-लुळ्यांच्या रांगेत दुसऱ्याची फजिती झाली की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

बरीच वर्षं झाली याला. जिल्ह्याच्या दवाखान्यात अपंगांचे दाखले कॉम्प्युटरवर काढायचा तो पहिला दिवस होता. त्याआधी डॉक्टर पाय बघायचे, ‘हं’ म्हणायचे आणि हातानं टक्के लिहायचे. आता सरकारनं म्हणे अंदाजपंचे कारभार बंद केला होता. स्नायूची ताकद किती, सांधा किती वाकतो, पाय किती आखूड, सगळं भरायचं आणि टक्के मशीन काढणार. चाळीस आणि वर असाल तर ‘पात्र’, खाली असाल तर ‘अपात्र’. चाळिसाच्या खालचे लंगडे सरकारच्या हिशेबी चालतेफिरते धडधाकट.

हा प्रोग्रॅम लिहिणारा पराग कुलथे पुण्याहून मुद्दाम आला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, वय माझ्याएवढंच असेल. चाचांचा आकडा बघून तो कानापर्यंत लाल झाला. गव्हाणेला उठवून स्वतः बसला आणि डॉक्टरांना समजावून सांगायला लागला. आकडा दाखवताना त्याच्या साच्यात टक्क्याचं चिन्ह घातलं की कॉम्प्युटर आपणहून शंभरानं गुणतो, आणि याच्या प्रोग्रॅमनं आधीच शंभरानं गुणून ठेवलं होतं. म्हणजे दोनदा गुणलं गेलं. डॉक्टर नाईकवाड्यांना त्यातलं काही कळलं नाही, ऐकायचं होतं असंही दिसलं नाही. ते म्हणाले, अरे बाबा, तू कितीदा पण गुण, पण माझी रांग हलू दे. परागनं खाटखूट केलं आणि चाचा पंचावन्न टक्क्यांवर आले. पात्र. चाचा दाखला उरलेल्या बोटात धरून निघून गेले.

त्यानंतर नंबर माझा.

माझं नाव पुष्पलता. त्या दवाखान्यात मात्र मला नाव नव्हतं. गव्हाणे हाक मारायचा, ‘पोलिओ, डावा, आत या.’ माझ्याबरोबर मामा होता. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून मी मामाच्या घरी होते. होते म्हणजे भांडी घासत होते, धुणं धूत होते, मामीच्या पोरांची शी काढत होते. मामी चारचौघींत सांगायची की आम्ही हिला पोसतो. मी म्हणायची काही नाही. पण मनात तिच्या डोक्यावर रोज मिरे वाटायची.

जिल्हा परिषदेत कनिष्ठ लिपिकाची एक जागा अपंगांसाठी राखीव निघाली होती. मी लेखी परीक्षा दिली आणि त्या यादीत पहिली आले. खरंच पहिली. आता फक्त कागद तपासायचे राहिले होते, आणि ते दुसऱ्या दिवशी. त्यात हा नव्या पद्धतीचा दाखला हवाच होता. मामानं मला येताना गाडीवर साफ सांगितलं होतं. दाखला मिळाला तर नोकरी कर, खोली घे, कुठं राहायचं तिथं राहा, माझी ना नाही. नाही मिळाला तर उदगीरच्या त्या गिरणीवाल्याला होकार कळवून टाकतो, तो थांबायला तयार नाही. गिरणीवाल्याची पहिली बायको गेली होती, दोन पोरं होती आणि अंथरुणाला खिळलेली आई होती. त्याला बायको नको होती, फुकटची मोलकरीण हवी होती, आणि लंगडी बाई पळून जात नाही असं त्यानं मध्यस्थाला बोलूनसुद्धा दाखवलं होतं. मामाला त्यात गैर काही दिसलं नाही.

तर मी टेबलावर झोपले. डॉक्टरांनी पाय वर करायला लावला, वाकवायला लावला, दाबून बघितला, टेपनं मोजला. वागायला माणूस बरा होता, हात थंड होते एवढंच. त्यांनी आकडे सांगितले, गव्हाणेनं भरले. मी उठून सलवार सारखी करतेय तोवर पडद्यावर आलं: ४०%.

माझा जीव भांड्यात पडला. मामाचापण पडला असावा, कारण तो त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. मला एका क्षणात सगळं दिसलं, कचेरीतलं टेबल, टेबलाचं कुलूप, कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये. मामीला मी काय बोलायचं तेही ठरवून टाकलं. आणि तेवढ्यात प्रिंटरमधून दाखला बाहेर आला. गव्हाणेनं वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

अपंगत्व: ४०%. त्याच्या खाली: अपात्र.

गव्हाणे म्हणाला, चाळीस तर आहेत. मामा म्हणाला, चाळीस आहेत ना मग. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला आणि वैतागून म्हणाले, या डबड्याला सकाळपासून वेड लागलंय. त्यांनी खिशातून पेन काढलं. ‘अपात्र’वर काट मारायची, शेजारी ‘पात्र’ लिहायचं, खाली सही ठोकायची, शिक्का मारायचा, संपलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

मी कागदावर हात ठेवला.

‘सर, खाडाखोड नको,’ मी म्हणाले.

आता कुणी म्हणेल, बाई, तुझं डोकं ठिकाणावर होतं का. होतं. चांगलं ठिकाणावर होतं, म्हणूनच बोलले. आदल्या वर्षी अशाच एका भरतीत माझ्या जातीच्या दाखल्यावर तारखेत एका आकड्यावर दुसरा गिरवलेला होता. तहसीलदारांची सही होती शेजारी, शिक्का होता, सगळं होतं. तपासणाऱ्या बाईनं कागद माझ्या अंगावर भिरकावला. खाडाखोड केलेला कागद आम्ही धरत नाही, पुढचा या. मी पाया पडले तिच्या. पुढचा आला. आपल्याकडे कागद खरा आहे की खोटा हे कुणी बघत नाही, स्वच्छ आहे का ते बघतात. ज्यानं सरकारी खिडकीपुढं उभं राहून आयुष्य काढलंय त्याला हे पाठ असतं. गव्हाणेनंही मान डोलावली, पोरगी बरोबर बोलतेय म्हणाला, उद्या तिथं खाडाखोड बघितली की बाद करतील. मामा म्हणाला, इंजिनियर इथंच बसलाय की पुण्याचा, त्याच्याकडून सरळ करून घ्या ना.

डॉक्टरांनी खांदे उडवले, पेन खिशात घातलं आणि पुढचा रुग्ण बोलवला.

पराग कोपऱ्यात डबा खात होता. गव्हाणेनं त्याला कागद दाखवला तेव्हा त्यानं पोळी तशीच ठेवून हात धुतले. कागद वाचला, मग पडदा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, ‘मॅडम, चूक आमची आहे. तुम्हाला त्रास झाला, सॉरी. तुम्ही इथून जायच्या आधी मी हे दुरुस्त करून देतो.’

मॅडम. मला जन्मात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. शाळेत लंगडी, घरी पुष्पे, दवाखान्यात पोलिओ डावा. त्यानं मला बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण स्टुलावर बसला. काम करता करता बोलत होता. कोणती जागा, परीक्षा अवघड होती का, पहिला नंबर म्हणजे कमालच. मी त्याला सगळं सांगितलं, गिरणीवाला सोडून. तो म्हणाला, नोकरी लागली की पेढे पाठवा पुण्याला. मी म्हणाले, पाठवते की. मला तो आवडायला लागला होता, कबूल करते. त्याची बोटं भराभर चालत होती आणि मला वाटत होतं, या जगात आपलं काम मनापासून करणारी माणसं आहेत अजून.

दुरुस्त काय करताय, असं मी विचारलं. त्यानं अगदी प्रेमानं सांगितलं. म्हणाला, कॉम्प्युटरच्या आत आकडा पूर्ण ठेवलेला असतो, शेपटीसकट. पडद्यावर दाखवताना आम्ही त्याला सांगितलं होतं की टक्के दाखव, पण दशांश दाखवू नकोस, डॉक्टरांना वाचायला सोपं पडेल. मग तो जवळच्या पूर्ण आकड्यावर नेऊन दाखवतो. पात्र-अपात्र ठरवताना मात्र आतला आकडा धरतो. त्यामुळं दाखवायचं एक आणि ठरवायचं दुसरं असं होऊन बसलंय. हे दोन्ही जुळायला पाहिजे.

मला त्यातलं शेवटचंच वाक्य कळलं. जुळायला पाहिजे. म्हणजे वर चाळीस आहे तर खाली पात्र येणार. दुसरं काय येणार? मी मनातल्या मनात पेढे कुठल्या दुकानातून घ्यायचे ते ठरवत होते. मामा खिडकीशी तंबाखू मळत होता.

‘झालं,’ पराग म्हणाला. त्यानं माझं नाव टाकलं, बटण दाबलं आणि हसऱ्या तोंडानं पडदा माझ्याकडे वळवला.

३९.६०%. अपात्र.

‘आता बरोबर जुळलं,’ तो म्हणाला.

त्याच्या तोंडावरचं हसू मला अजून दिसतं. काही पाप नव्हतं त्यात. शाळेत गणित सुटल्यावर पोरं जशी बाईंकडे बघतात तसा तो माझ्याकडे बघत होता, शाबासकीसाठी. ती मिळेना तेव्हा त्याचं हसू हळूहळू उतरलं. गव्हाणे वाकून बघून गेला आणि ‘अरेरे’ म्हणाला, पण त्याला मजा वाटत होती हे मला त्याच्या आवाजावरून कळलं.

मी म्हणाले, ‘पहिल्यासारखं करा.’

‘मॅडम, पण ते चूक होतं.’

‘असू दे चूक. चाळीस होतं ना, चाळीस करा.’

तो गडबडला. म्हणाला, दाखवायचं काय, चाळीस दाखवतो की, पण आत एकोणचाळीस पॉइंट सहाच राहणार, खाली अपात्रच येणार. आतला आकडा बदलणं माझ्या हातात नाही, तो डॉक्टरांच्या मापातून येतो. तो खरंच दुःखी झाला होता. मी त्याच्या दुःखाचं काय करू?

मामा डॉक्टरांकडे गेला. हात जोडून उभा राहिला, जे त्यानं माझ्यासाठी कधी केलं नव्हतं. म्हणाला, साहेब, मघाशी तुम्ही पेन काढलं होतं, आता मारा काट, खाडाखोड तर खाडाखोड. उद्या आम्ही तिथं बघून घेऊ.

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘मघाशी दिसत नव्हतं, म्हणून लिहीत होतो. आता दिसलंय. दिसल्यावर कसं लिहू?’

मामा माझ्याकडे वळला. सगळ्यांदेखत, रांगेदेखत म्हणाला, काय गरज होती गं तुला मधे तोंड घालायची? सही करत होता माणूस. मघाशी त्यानंच इंजिनियरचं नाव काढलं होतं, पण ते त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं आणि मला आठवण करून द्यायचं त्राण नव्हतं. रांगेतली एक बाई म्हणाली, शहाणपणा नडला. दुसरी म्हणाली, पहिली आली ना परीक्षेत, मग.

डॉक्टर वाईट नव्हते, मी मघाशीच म्हणाले. त्यांनी गव्हाणेला रांग थांबवायला सांगितली, टेबलाभोवतीचा कापडी पडदा ओढला आणि मला परत टेबलावर झोपवलं. पडद्याच्या आत आम्ही दोघंच. पराग बाहेर पाठ करून उभा होता, पण ऐकू सगळं येत होतं.

ते हळू आवाजात म्हणाले, एक माप मी परत घेऊ शकतो, तेवढा अधिकार आहे मला. गुडघ्याच्या ताकदीचं. मघाशी मी त्याला पाचापैकी चार दिलेत. तीन असते तर तू चाळिसाच्या वर जातेस. ‘आता पाय सरळ करून वर धर. मी वरून दाबतो. धरवला नाही आणि खाली पडला, तर तीन. कळलं का?’

कळलं. मी काय दुधखुळी होते? त्यांना दुसरं काही बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांनी ते सांगत होते, पाड गं बाई. दार सताड उघडून दिलं होतं त्यांनी. मी पाय सरळ केला, वर धरला. मनात म्हणाले, आता ते दाबतील, मी सोडून देईन, धपकन पडेल. इतकं सोपं. लंगड्या पायानं पडायचं तेवढं तर काम.

त्यांनी घोट्यावर हात ठेवला आणि दाबलं.

पाय पडला नाही.

मी सोडत होते. देवाशप्पथ सोडत होते. पण त्यांचा हात घोट्याला लागला की मांडी आपोआप आवळत होती, दगडासारखी. त्यांनी आणखी दाबलं. पाय थरथरला, पण तिथंच. ‘सोड ना,’ ते पुटपुटले. ‘सोडलाय,’ मी म्हणाले.

माझ्या लहानपणी आई रोज सकाळी मला ओट्यावर बसवायची. माझ्या डाव्या घोट्याला वाळूनं भरलेली पिशवी बांधायची आणि म्हणायची, पाय सरळ कर, आता धर. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. हातात उलथनं असायचं. पाय खाली आला की पोटरीवर उलथनं बसायचं, सणसणीत. मी रडायची, शेजारच्या बाया येऊन तिला बोलायच्या, कसली आई म्हणायची ही. ती ऐकायची नाही. पिशवीत आणखी ओंजळभर वाळू घालायची. तेव्हाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं हिला कधी उभं राहता येणार नाही, आणि मी काठीशिवाय चालायला लागले तेव्हा आई गावभर सांगत फिरली. वर्षानुवर्षं चाललं हे, मी कॉलेजात जाईपर्यंत. घोट्यावर वजन आलं की धरायचं, हे माझ्या पायाला असं शिकवलं होतं तिनं, की मला विचारायची त्याला गरज उरली नव्हती.

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा दाबलं, आता जवळजवळ ढकललं म्हणा. मग हात काढून घेतला. पाय तसाच वर राहिला, एकटा, कुणी न धरता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. खोटं लिहायला त्यांना निदान पाय पडायला हवा होता. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही.

‘पाय चांगला आहे गं तुझा,’ ते म्हणाले. ‘कुणीतरी खूप मेहनत घेतलीय.’

बाहेर त्यांनी गव्हाणेला सांगितलं, चारच ठेव. मामा उदगीरला फोन करायला म्हणून दवाखान्याबाहेरच्या बूथवर निघून गेला. मी टेबलावर पडून होते आणि पाय खाली ठेवायचा राहिलाच होता. दोन वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता की मी आईसाठी रडले नाही. त्या टेबलावर पडल्या पडल्या मी तिला पहिल्यांदा शिव्या दिल्या, तोंडातल्या तोंडात, येत होत्या तेवढ्या सगळ्या.